'दोन' किहोते: पहिला भाग घ्यावा की दुसरा?

स्पॅनिशमध्ये 'दोन' हा नावाआधीचा मान, आपल्या 'श्रीयुत'सारखा. पण सर्व्हान्तेसच्या या कादंबरीला (आपल्याकडे 'डॉन क्विक्झोट' म्हणतात ती) मराठीतला 'दोन'च जास्त शोभतो. शूर सरदारांच्या गोष्टी वाचून वेडा झालेला आणि स्वतःला तसाच सरदार समजणारा किहोते हा तिचा नायक. पहिला भाग १६०५चा, ५२ प्रकरणांचा. दुसरा १६१५चा, ७४ प्रकरणांचा. सगळं वाचायची सवड नसेल, तर कुठला उचलावा?

किहोते राक्षस समजून ज्यांच्यावर चाल करतो त्या प्रसिद्ध पवनचक्क्या पहिल्यात आहेत आणि आठव्या प्रकरणात पान-दीड पानात उरकतात. गंमत त्यानंतर आहे. किहोते आणि बिस्के प्रांतातला एक माणूस तलवारी उगारून उभे, आणि तेवढ्यात गोष्टच तुटते; पुढचा मजकूर म्हणे सापडत नाही. मग निवेदकाला तोलेदोच्या बाजारात एक पोरगा जुनी बाडं विकताना भेटतो. लिपी अरबी, आणि मजकूर एका अरब इतिहासकाराने लिहिलेला किहोतेचाच इतिहास. वाचून दाखवायला गाठलेला मोरिस्को, म्हणजे ख्रिस्ती झालेला स्पेनमधला मुसलमान, समासातली नोंद पाहून हसत सुटतो: डुकराचं मांस खारवण्यात दुल्सिनेआचा (किहोतेने मनात राणी करून बसवलेल्या प्रेयसीचा) हात धरणारी बाई अख्ख्या ला मांचा प्रांतात नाही! मनुका आणि गव्हाच्या मोबदल्यात भाषांतर ठरतं. म्हणजे इतिहासकार अरब, भाषांतरकार मोरिस्को, आणि त्यांच्यावर शंका घेणारा निवेदक. विश्वास कुणावर ठेवायचा?

पुढे मात्र हा भाग सैलावतो. सराईत जो येतो तो आपली कहाणी सांगतो. ३३ ते ३५ ही प्रकरणं तर एका वेगळ्याच कथेला दिली आहेत. मी तिथे सरळ पानं उलटली.

दुसऱ्या भागातल्या लोकांनी पहिला भाग वाचलेला आहे! ड्यूक आणि डचेस त्या जोरावरच किहोतेची थट्टा मांडतात. १६१४मध्ये कुणीतरी खोटा दुसरा भाग छापला होता. त्यातला नायक सारागोसाला गेला म्हणून आपला किहोते ते गाव टाळून बार्सिलोनाची वाट धरतो.

वेडाचा अर्थही इथे पालटतो. पहिल्यात त्याला सराई किल्ला दिसते. दुसऱ्यातल्या दहाव्या प्रकरणात गाढवांवरून तीन खेडवळ पोरी येतात. किहोतेचा नोकर सांचो एकीपुढे गुडघे टेकून म्हणतो, ही पाहा दुल्सिनेआ. किहोतेला मात्र पोरीच दिसतात, तिच्या तोंडाचा लसणाचा वासही येतो. भ्रम आता नोकर पुरवतो आणि मालक डोळे ताणून बघत राहतो.

पोट धरून हसायचं असेल तर पहिला घ्या. माझं मत विचाराल तर पहिल्यातली नऊ प्रकरणं वाचावीत आणि सरळ दुसरा उघडावा. सराईतल्या कहाण्या कुठे पळून जात नाहीत.