नाटकाचं बॅकस्टेज की इव्हेंटचा स्टेज? काम धरण्याआधी हे वाचा

मी आठ वर्षं व्यावसायिक नाटकांच्या बॅकस्टेजला होतो. गेली सहा वर्षं इव्हेंटमध्ये आहे. बारावी किंवा आयटीआय झालेली मुलं भेटतात, त्यांचा पहिला प्रश्न पैशांचा असतो. पैशांचं सांगतोच, पण आधी कामाकडे नीट बघा. दोन्हीकडे स्टेजच लावायचा असतो आणि तरीही ही दोन कामं एकमेकांपासून फार लांबची आहेत.

रविवारी दादरच्या शिवाजी मंदिर किंवा पुण्यात कोथरूडच्या यशवंतराव नाट्यगृहाला जा. सकाळचा, दुपारचा आणि रात्रीचा असे तीन प्रयोग असतात आणि तिन्ही नाटकं वेगवेगळी. सकाळच्या नाटकाचा पडदा पडला की त्यांचा सेट बाहेर निघतो आणि तेवढ्यातच आपला आत घ्यायचा असतो. टेम्पोतून फ्लॅट (सेटच्या उभ्या भिंती), लेव्हल (उंचवट्याचे चौथरे), फर्निचर उतरवायचं, फ्लॅट उभे करून मागून तिरपे टेकू द्यायचे, दारं उघडझाप करून बघायची. हाताशी दीड-दोन तास मिळाले तर भाग्य. तिसरी घंटा झाली की विंगेत, म्हणजे स्टेजच्या बाजूच्या आडोशात, श्वाससुद्धा बेताने घ्यायचा.

या कामाचा खरा कस लागतो तो अंधारात. अंक मध्येच थांबतो, ब्लॅकआउट होतो आणि वीस सेकंदांत दिवाणखान्याचा सोफा बाहेर जाऊन दवाखान्याचा पलंग आत आलेला असला पाहिजे. स्टेजवर खाली नखाएवढ्या, अंधारात चमकणाऱ्या रेडियमच्या पट्ट्या असतात, पण त्या शोधत बसलात तर वेळ गेला. विंगेतून चार पावलं, डावीकडे एक, हे पायांनाच पाठ व्हावं लागतं. पलंग चारही पायांवर एकदम टेकवला तर धप्पकन आवाज होतो आणि पहिली रांग तर हाताच्या अंतरावर. म्हणून आधी एक कोपरा टेकवायचा, मग समोरचा, मग उरलेले दोन अलगद सोडायचे. हे मला माझ्या जोडीदाराने शिकवलं. त्याचं सगळं आयुष्य प्रॉपर्टी, म्हणजे नाटकातल्या वस्तू, सांभाळण्यात गेलं होतं. चाळीस-पन्नास प्रयोग झाले की नटाच्या आवाजावरून कळतं, आज हा वाक्य गाळणार. तेव्हा हात आधीच तयार ठेवायचे. नाटकाने मला ऐकायला शिकवलं, आणि ते शिक्षण दुसरीकडे कुठे मिळालं नसतं असं मला मनापासून वाटतं.

इव्हेंटमध्ये ऐकायला काही उरत नाही, कारण कार्यक्रम सुरू होतो तेव्हा आपलं मोठं काम संपलेलं असतं. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम, बीकेसीतलं एमएमआरडीएचं मैदान, २०२३ पासून लोलापलूझा हा संगीत महोत्सव होतो ते महालक्ष्मीचं रेसकोर्स, अशा ठिकाणी आधी कित्येक दिवस उभारणी चालते. स्कॅफोल्डिंगवर स्टेज चढतो, ट्रस, म्हणजे लाइट टांगायचा धातूचा सांगाडा, जमिनीवरच जोडला जातो, त्यावर लाइट टांगून, केबल बांधून मग चेन मोटरने सगळं वर घेतात. स्पीकर, एलईडी वॉल, जनरेटर यांची माणसं वेगवेगळी, आणि प्रत्येक खात्याच्या फ्लाइट केस, म्हणजे सामानाच्या चाकं लावलेल्या पेट्या, ढकलायला आपण.

इथली एक गोष्ट कायम लक्षात ठेवा. ट्रसच्या दोन तुकड्यांच्या जोडात पिना ठोकतात आणि प्रत्येक पिनेला एक छोटी क्लिप लावतात, म्हणजे हादऱ्याने पिन सरकत नाही. पहिल्याच वर्षी माझ्याकडे मोजून क्लिपा दिल्या होत्या. ट्रस वर जायला लागला तेव्हा हात खिशात गेला आणि एक क्लिप हाताला लागली. मी ओरडलो. रिगरने, म्हणजे ट्रस टांगणाऱ्या माणसाने, मोटर थांबवली, सगळा ट्रस पुन्हा खाली घेतला, एकेक जोड तपासला. एका पिनेला क्लिप नव्हती. अर्धा तास गेला, पण कुणी एका शब्दाने बोललं नाही. उलट संध्याकाळी रिगरने मला त्याच्या टीममध्ये बोलावलं. ज्या टीममध्ये मोटर थांबवायला सांगितल्यावर शिव्या पडतात, तिथे दुसऱ्या दिवशी जाऊ नका.

आता पैसे. नाटकात हिशोब नाइटचा, म्हणजे प्रयोगागणिक. नाटक चाललं तर महिना भरतो, उतरलं तर त्या दिवसापासून शून्य. बहुतेक प्रयोग शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांना असल्यामुळे आमच्यातले अर्धे लोक आठवडाभर दुसरं काही करतात. इव्हेंटमध्ये दिवसाचा किंवा शिफ्टचा दर असतो आणि तो नाइटपेक्षा बरा असतो. पण तो हातात कधी पडेल याचा भरवसा नाही. एका मोठ्या कार्यक्रमाचे माझे पैसे चौथ्या महिन्यात आले. ठेकेदार म्हणे कंपनीने दिले नाहीत, कंपनी म्हणे ठेकेदाराला केव्हाच दिले. नाटकात मात्र प्रयोग संपल्यावर मॅनेजर पाकीट हातात ठेवत असे.

मोकळ्या मैदानातलं काम ऑक्टोबर ते मार्च, लग्नसराई धरून थोडं पुढे. पावसाळ्यात हॉलमधल्या कॉर्पोरेट कार्यक्रमांवर भागवावं लागतं. नाटकाला पाऊस आडवा येत नाही, परीक्षांचे दिवस येतात. मार्च २०२० नंतर तर दोन्ही बंद पडली. महाराष्ट्रातली नाट्यगृहं मध्ये थोडी उघडली, पुन्हा मिटली आणि २२ ऑक्टोबर २०२१ ला परत सुरू झाली. त्या काळात आमच्या नाटकातल्या माणसांनी माझ्या घरी दोनदा किराणा पोचवला. माझ्या ओळखीचे इव्हेंटवाले ठेकेदारांना फोन करत राहिले. निवड करताना हाही फरक मोजा, तो दरपत्रकात दिसत नाही.

घरी कधी पोचाल हेही बघा. मोकळ्या जागेत रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही, मोजक्या सवलतीच्या दिवसांचा अपवाद सोडला तर. त्यामुळे कार्यक्रम दहाला संपतो आणि आपला दिवस तिथून सुरू होतो. स्टेज उतरवून ट्रक भरेपर्यंत पहाट होते. दिवसभर उभा असलेला माणूस पहाटे चारला वजन उचलतो तेव्हाच बोटं चेंगरतात. नाटकात मुंबईतल्या मुंबईत शेवटची लोकल गाठता येते. दौरा लागला तर रात्र बसमध्ये आणि सकाळी सांगलीत उतरून पुन्हा तोच सेट. मला दौरे आवडायचे, पण घरी लहान मूल असेल तर जड जातात.

धोका दोन्हीकडे आहे. इव्हेंटमध्ये उंची, थ्री फेज वीज आणि वारा. बाहेरदेशी कलाकाराच्या कार्यक्रमात हेल्मेट, हार्नेस आणि तपासणी नीट असते. लग्नाच्या मांडवात तोच मुलगा चपलेत ट्रसवर चढलेला दिसतो. नाटकात खिळे, अंधार आणि जुनी लाकडी रचना. ऑगस्ट २०२४ मध्ये कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह आगीत जळालं ते अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून कुठल्याही नाट्यगृहात गेलो की आधी आग विझवायची नळकांडी कुठे आहेत ते बघतो.

माझं मत विचाराल तर असं. वय विशीच्या आत असेल आणि घर तुमच्या पैशांवर चालत नसेल, तर आधी एखादं वर्ष शनिवार-रविवारी नाटकाला जा. अंधारात न बोलता काम करायची सवय लागते आणि ती पुढे सगळीकडे उपयोगी पडते. घर चालवायचं असेल तर सरळ इव्हेंटमध्ये या, पण हेल्पर म्हणून एका हंगामापेक्षा जास्त राहू नका. केस ढकलणारा माणूस दहा वर्षांनीही केसच ढकलत असतो, फक्त कंबर गेलेली असते. लाइट, साउंड, एलईडी, रिगिंग यांतलं एक खातं धरा. आयटीआयचा इलेक्ट्रिशियन असाल तर वीजवाटपाकडे जा, अर्थिंग समजणारा माणूस कमी मिळतो. उंचीची भीती नसेल तर दोरावर लटकून करायच्या कामाचं इराटा या संघटनेचं प्रमाणपत्र घ्या. पहिल्या पातळीला चार दिवस प्रशिक्षण आणि पाचव्या दिवशी परीक्षा असते. दुसऱ्या पातळीसाठी किमान १ वर्ष आणि दोरावरचे १००० तास लागतात. महिन्याचा पगार हवा असेल तर मुंबईत एनसीपीए हे कलाकेंद्र किंवा २०२३ मध्ये सुरू झालेलं नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर, अशा कायमच्या जागांवर लक्ष ठेवा. तिथेही आधी काय केलंय हेच विचारतात.

पहिल्या फोनवर ठेकेदाराला चार गोष्टी विचारा: शिफ्ट किती तासांची आणि वरच्या तासांचं काय, पैसे किती दिवसांत, जेवण आणि परतीची गाडी कोणाची, लागलं तर दवाखान्याचा खर्च कोणाचा. उत्तरं व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. पैशांतून टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, गेला असेल तर रिटर्न भरा, तो परत मिळू शकतो. आणि जाताना पुढून कडक असलेले बूट घाला, हातमोजे स्वतःचे न्या.