गच्चीवरचं ऊन की थरच्या वाळवंटातलं? मुंबईतल्या सोसायटीसाठी एक तुलना

सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत सौर विजेचा विषय निघाला की दोन प्रस्ताव समोर येतात. पहिला, गच्चीवर पॅनेल बसवा. दुसरा, गच्चीला हात न लावता वीज कंपनीकडे हरित दराचा अर्ज करा, म्हणजे राजस्थान-गुजरातसारख्या ठिकाणी तयार होणारी वीज हिशेबात आपल्या नावावर येईल. माझं मत आधीच सांगते: सामायिक मीटरसाठी गच्ची, घरातल्या मीटरसाठी वाळवंट. त्याची कारणं पुढे आहेत.

नुसतं ऊन मोजलं तर थर आणि मुंबई यांच्यातला फरक वाटतो तेवढा मोठा नाही. खरा फरक पडतो तो जून ते सप्टेंबर या ढगाळ महिन्यांत, आणि दुसरा यंत्रणेत. वाळवंटातल्या अनेक प्रकल्पांत पॅनेल सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे वळतात, आपल्या गच्चीवर ते एकाच जागी घट्ट बसवलेले असतात. त्यामुळे गच्चीवरचं एक किलोवॉट वर्षाला साधारण १,३०० ते १,४०० युनिट देतं, तर जैसलमेरकडे तेवढंच पॅनेल २,०००च्या आसपास जातं. वाळवंटातही सगळं सुखाचं नसतं. पॅनेल तापलं की उत्पादन घटतं आणि धुळीचा थर बसला की आणखी घटतं. पाणी दुर्मीळ, म्हणून राजस्थानातल्या भडल्यासारख्या ठिकाणी पाण्याविना झाडणारी यंत्रं वापरतात.

जागेच्या बाबतीत मात्र दोघांची बरोबरीच होऊ शकत नाही. फलोदी (पूर्वीच्या जोधपूर) जिल्ह्यातलं भडला सौर उद्यान २,२४५ मेगावॉटचं, सुमारे १४,००० एकरांवर पसरलेलं. कच्छमधल्या खावड्याला ३०,००० मेगावॉटचं उद्दिष्ट आहे आणि त्यासाठी ७२,६०० हेक्टर खारट, ओसाड जमीन राखली आहे. मुंबई शहर आणि उपनगर हे दोन्ही जिल्हे एकत्र केले तरी एवढी जमीन भरत नाही. एवढ्या पसाऱ्यामुळेच वीज स्वस्त पडते: डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला होता.

मग आपलं बिल का उतरत नाही? कारण ती वीज शेकडो किलोमीटर आणायची असते, आणि मुंबईत शिरणाऱ्या उच्चदाब वाहिन्या मोजक्याच आहेत. १२ ऑक्टोबर २०२० ला त्या कोलमडल्या तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा कुठे थोडा श्वास मिळाला. शिवाय या वाहिन्यांच्या तारांना माळढोक धडकून मरतात. सोलापूरच्या नान्नजला हा पक्षी जवळजवळ नाहीसा झालेला आपण पाहिला आहे, त्यामुळे राजस्थानात तो जगावा असं मला मनापासून वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून नेण्याचा आदेश दिला आणि २०२४ मध्ये तो बदलून तज्ज्ञ समितीकडे सोपवला. वाळवंटाची वीज घेताना ही किंमतही धरायला हवी.

आता गच्ची. एका किलोवॉटला सावली नसलेली सुमारे १०० चौरस फूट जागा लागते. टाक्या, लिफ्टची खोली आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा करून १,५०० चौरस फूट उरली, तर १५ किलोवॉट बसतात. दिवसाला सरासरी ५३-५८ युनिट. तीसेक घरांना ही वीज पुरणार नाही, पण लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांचा मोठा भाग तिच्यात निघतो. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटला १८,००० रुपये अनुदान आहे, म्हणजे इथे २ लाख ७० हजार. गणितासाठी युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला दोन लाखांची बचत होते. एवढा ठोस फायदा हरित दरात नाही. तिथे उलट आपणच जादा भरतो: राज्य वीज नियामक आयोगाने २०२१ मध्ये हा अधिभार युनिटला ६६ पैसे ठरवला होता. आजचा दर कंपनीच्या दरपत्रकात पाहून घ्या.

तरीही गच्ची सगळ्यांनी घेऊ नये. पाच-सात वर्षांत पुनर्विकास होणार असेल तर पंचवीस वर्षं चालणारी पॅनेल बसवू नका. गच्ची गळत असेल तर आधी वॉटरप्रूफिंग करून घ्या, नंतर सांगाड्याखाली ते जमत नाही. सांगाडा किती वेगाचा वारा झेलेल ते ठेकेदाराकडून लेखी घ्या. मे २०२१ च्या तौक्ते वादळात मुंबईत वारा ताशी १०० किलोमीटरच्या वर गेला होता. सभेत आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगा: बॅटरी नसलेली यंत्रणा लाइट गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, त्यामुळे लिफ्टसाठी जनरेटर ठेवावाच लागेल. आणि गरजेपेक्षा मोठी यंत्रणा नको, वापरून उरलेली वीज कंपनीकडे जाते आणि वर्षाअखेर शिल्लक राहिलेल्या युनिटना दर कमी मिळतो.

हरित दराला सभेचा ठराव लागत नाही. ज्या घरात एसी रात्रभर चालतो त्यांनी आपापल्या मीटरवर तो जरूर घ्यावा, भाड्याने राहणाऱ्यांनीही घरमालकाला विचारून घ्यावा. तारेतून येणारी वीज सगळ्यांची एकच असते, पण आपल्या पैशातून कंपनीला तेवढी अक्षय ऊर्जा खरेदी करावी लागते. गच्चीचं काम पावसाळा संपल्यावर काढा. त्याआधी बारा महिन्यांची सामायिक बिलं एकत्र करून ठेवा, कारण किती किलोवॉट बसवायचे ते त्यांवरूनच ठरतं.