आठ महिने ६५ इंचांसमोर

टीव्ही घरी आल्याच्या चौथ्या दिवशी मालिका बघता बघता सासूबाईंनी विचारलं, "अगं, या सगळ्यांनी तोंडाला मेण फासलंय का?" जवळपास त्र्याऐंशी हजार मोजून आणलेल्या पडद्याचं घरातलं हे पहिलं परीक्षण. त्याआधी दीड महिना मी पॅनेल, निट्स, हर्ट्झ असले शब्द घोकत होते आणि ऑफिसात दोघा-तिघांना सल्लेही देऊन बसले होते. आईंच्या प्रश्नाचं उत्तर मात्र माझ्याकडे नव्हतं. ते शोधण्यात पुढचे पंधरा दिवस गेले.

आमचा टीव्ही ६५ इंची, मिनी-एलईडी, व्हीए पॅनेलचा (या दोन्हींचा अर्थ पुढे येईलच), गूगल टीव्हीवाला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे सर्व्हिसबद्दल कुरकुर आहे. शिवाय जे सांगायचंय त्यातलं बरंचसं कुठल्याही कंपनीच्या मोठ्या टीव्हीला लागू पडेल.

खरेदी ऑगस्टमध्येच व्हायची होती. पण १५ ऑगस्टच्या भाषणात जीएसटी कमी होणार असल्याचं जाहीर झालं आणि आम्ही थांबलो. ३२ इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा कर २८ चा १८ टक्के झाला तो २२ सप्टेंबर २०२५ ला, म्हणजे घटस्थापनेच्या दिवशी. इथे एक हिशेब सांगते, कारण दुकानात निम्मे लोक यावरून वाद घालत होते. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणून छापील किंमत दहा टक्क्यांनी उतरत नाही. १२८ रुपयांची वस्तू ११८ ची होते, म्हणजे फरक पावणेआठ टक्क्यांच्या आसपास. आमचा ८९,९९० चा टीव्ही त्या हिशेबाने ८२,९६० च्या जवळ यायला हवा होता आणि आला. दुकानदार तेवढ्यालाच 'दिवाळी ऑफर' म्हणत होता, तो भाग वेगळा.

५५ की ६५, यावर घरात दोन तट होते. मी बैठकीत सोफ्यापासून भिंतीपर्यंत टेप लावली. बरोबर नऊ फूट, म्हणजे १०८ इंच. सिनेमासारखं भरलेलं दिसायला पडद्याने नजरेचा साधारण ३० अंशांचा कोन व्यापावा असं मानतात. सोपा हिशेब म्हणजे अंतराला १.६ ने भागायचं. उत्तर येतं साडेसदुसष्ट. अण्णांचा, म्हणजे सासऱ्यांचा, अशा गणितावर विश्वास नाही. मग 'नई दुनिया'चे जुने अंक चिकटपट्टीने जोडून १४४ बाय ८१ सेंटिमीटरचा चौकोन भिंतीवर लावला आणि दोन दिवस तसाच ठेवला. ६५ इंची टीव्ही एवढा असतो. पहिल्या दिवशी तो राक्षसी वाटला, दुसऱ्या दिवशी कुणाचं लक्षही गेलं नाही. शेजारच्या काकू मात्र ओल आली का म्हणून विचारून गेल्या. एवढं करूनच आकार ठरवा. दुकानात छत उंच, हॉल मोठा, तिथे ६५ सुद्धा लहानखुरा दिसतो.

दुकानं आम्ही इंदूरच्या महाराणी रोडवर पाहिली. सगळीकडे तोच प्रकार: पंधरा टीव्ही ओळीने, सगळ्यांवर पोपट, संत्री आणि मधाची धार, आणि सगळे 'व्हिव्हिड' मोडमध्ये. अशा वेळी जो सर्वांत भडक तो सर्वांत चांगला वाटतो. मी पेन ड्राइव्हवर माझ्या दोन क्लिपा नेल्या होत्या. एक अंधाऱ्या खोलीतला प्रसंग, एक साध्या उजेडातला चेहरा. त्यावरून बरंच कळलं. पण जे विचारायला हवं होतं ते विचारलंच नाही: "साधं मराठी चॅनेल लावून दाखवा." विचारलं असतं तरी "दीदी, इसमें सब आ जाता है" हेच उत्तर मिळालं असतं म्हणा.

खरं तर मला ओएलईडी हवा होता. त्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो, त्यामुळे काळं म्हणजे खरंच काळं. पण आमच्या बैठकीची मोठी खिडकी पश्चिमेला आहे. इंदूरचं ऊन दुपारी चारनंतर थेट समोरच्या भिंतीवर येतं, आणि पूर्ण पडदा उजळायची वेळ आली की ओएलईडी आपला उजेड कमी करतो. दुसरं कारण आई. दुपारी दोन ते सात मालिका, सगळ्या बहुतेक एकाच चॅनेलवर. कोपऱ्यातला लोगो पाच तास जागचा हलत नाही. नंतर अण्णांच्या बातम्या, खाली धावणारी लाल पट्टी. रोज असंच चाललं तर काही वर्षांत लोगोचा कायमचा ठसा उमटण्याची धास्ती होती. म्हणून मिनी-एलईडी. मागे शेकडो छोटे दिवे, अंधार असेल तिथले मंद होतात. काळा रंग ओएलईडीइतका नाही, पण दिवसा बघण्यालायक. दुपारी पडदा अर्धा ओढला की पुरतं. सॅमसंगचे काही टीव्ही आवडले होते, पण ते डॉल्बी व्हिजन (उजेड-अंधाराचा फरक ठसठशीत दाखवायचं तंत्र) देत नाहीत, तशाच कामाचं एचडीआर-१०-प्लस देतात. आमचे लेक त्यावर अडून बसले. आठ महिन्यांत त्यांना तो फरक किती वेळा दिसला, विचारू नका.

आता मेणाचे चेहरे. आमच्या डीटीएचवर मराठी चॅनेल साध्या प्रतीची होती. मध्य प्रदेशात राहून हिंदी पॅक घेतलेला, मराठी वेगळी जोडलेली, त्यामुळे स्वस्तातली. साध्या चॅनेलचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, पडदा ३८४० बाय २१६० चा. भागाकार केला तर बरोबर वीस येतात. म्हणजे चॅनेल एक ठिपका देतं आणि उरलेले एकोणीस टीव्ही आपल्या मनाने भरतो. भरताना तो गुळगुळीत करतो, सुरकुत्या पुसतो, आणि नायिकेच्या सासूपासून पोस्टमनपर्यंत सगळे मेणाचे होतात. जुन्या टीव्हीवर हे कधी दिसलंच नाही, कारण तिथे भरायलाच फार कमी होतं.

उपाय दोन निघाले. झी मराठी, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी यांची एचडी चॅनेलं घेतली. तिथे एकाचे वीसऐवजी एकाचे चार होतात. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन 'नॉइज रिडक्शन' बंद केलं, शार्पनेस निम्म्याहून खाली आणला, आणि चित्र घरंगळल्यासारखं दिसतं ती मोशनची सोय बंद केली. या सोयीला प्रत्येक कंपनी वेगळं नाव देते, सोनीत मोशनफ्लो, एलजीत ट्रूमोशन. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा असतो, टीव्ही मधली चित्रं स्वतः रचतो आणि मोठा सिनेमाही कौटुंबिक मालिकेसारखा दिसू लागतो. फिल्ममेकर मोड असेल तर तो लावला की यातलं बरंचसं एका झटक्यात बंद होतं. चित्र सुरुवातीला पिवळट वाटतं, आठवड्यात डोळे रुळतात. आई म्हणाल्या, "आता माणसं दिसतात."

१९ ऑक्टोबरचा रविवार मात्र या टीव्हीने वसूल केला. महिलांच्या विश्वचषकात भारत-इंग्लंड सामना आमच्याच होळकर स्टेडियममध्ये, आणि घरात दिवाळीची कामं, त्यामुळे गेलं कुणीच नाही. बैठकीत अकरा माणसं, चकलीचं पीठ तसंच. सांगलीची स्मृती ८८ वर बाद झाली तेव्हा झालेला आवाज कोपऱ्यावरच्या किराणावाल्यापर्यंत गेला असणार. चार धावांनी हरलो. पण त्या दिवशी एक गोष्ट कळली. सोफ्यावरच्यांना मैदान हिरवंगार दिसत होतं, आणि डाव्या कडेच्या दिवाणावर बसलेले अण्णा विचारत होते की गवत एवढं वाळकं का. व्हीए पॅनेलची ही खोड आहे: समोरून गडद, कडेने फिकं. आयपीएस या दुसऱ्या प्रकारच्या पॅनेलमध्ये कडेने बरं दिसतं, पण काळा रंग राखाडी होतो. हे मी वाचलं होतं. दिवाणावर कोण बसतं याचा विचार केला नव्हता. फिरता ब्रॅकेट लावला असता तर टीव्ही थोडा वळवता आला असता. आता दिवाण हलवलाय, आणि २ नोव्हेंबरची फायनल अण्णांनी समोरूनच पाहिली.

अण्णांचीच दुसरी तक्रार. ते देवासला जाऊन कुमार गंधर्वांना ऐकून आलेले. जुनं दूरदर्शनचं ध्वनिचित्रमुद्रण लावलं तर कुमारजी आडवे पसरलेले! तो काळ ४:३ चौकटीचा, नि आपला टीव्ही ती ओढून १६:९ करत होता. "माणसाला फुगवायचा अधिकार यांना दिला कोणी?" चौकटीची सेटिंग मूळ आकारावर केली, दोन्हीकडे काळ्या पट्ट्या आल्या, वाद मिटला.

आवाजाबद्दल मात्र कुठल्याच कंपनीचं कौतुक नको. पडदा इतका पातळ की स्पीकर खाली तोंड करून बसवलेले. गाणं कानठळ्या बसवतं आणि संवाद पुटपुटल्यासारखे. आईंना डाव्या कानाने कमी ऐकू येतं, त्यामुळे रिमोटची ओढाताण रोजची. डिसेंबरमध्ये साउंडबार घेतला, पण ज्यात मधला वेगळा स्पीकर असतो असा, कारण संवाद तिथून येतात. ई-आर्क लिहिलेल्या एचडीएमआयच्या खाचेत जोडला की टीव्हीच्याच रिमोटने आवाज कमी-जास्त होतो. खरेदीच्या बजेटमध्ये हा खर्च आधीच धरा.

किरकोळ गोष्टी. नेटफ्लिक्सला फोर-केसाठी १५ एमबीपीएस पुरतात, तेव्हा महागड्या इंटरनेट योजनेची गरज नाही. बहुतेक टीव्हींचा लॅन पोर्ट (इंटरनेटची तार जोडायची खाच) १०० एमबीपीएसचाच असतो, वायफाय जवळ असेल तर तार नकोच. प्लगला मीटर लावून पाहिलं, सरासरी १३० वॉट, रोज पाच तास, म्हणजे महिन्याला वीस युनिटच्या आत. काळोख्या प्रसंगात पांढऱ्या अक्षरांभोवती धूसर वलय दिसतं, ते दिसणारच. आणि रंगपंचमीच्या गेरहून (रंगांच्या मिरवणुकीहून) परतलेल्या चिरंजीवांनी गुलालाचा पंजा पडद्यावर उमटवला, तो मी काच पुसायचा फवारा न मारता, ओलसर मऊ कापडाने पुसला. फवाऱ्याने वरचा थर उतरू शकतो.

फेब्रुवारीत डावीकडच्या खालच्या कोपऱ्यात अंधार दाटला, मागच्या दिव्यांची एक पट्टी गेली. तक्रार नोंदवली, तीन वेळा माणूस येऊन फोटो काढून गेला, "पार्ट दिल्लीहून येतोय" ऐकत सतरा दिवस गेले. दुरुस्ती वॉरंटीत झाली, पैसा लागला नाही. पण माझा सल्ला, घेण्याआधी शहरात त्या कंपनीचं स्वतःचं सर्व्हिस सेंटर आहे की कंत्राटी माणसं, एवढं विचारून घ्या. आमच्याकडे दुसरी गत होती.

त्या सतरा दिवसांत माळ्यावरचा २०१२ सालचा ३२ इंची खाली आला. आई खुर्ची पुढे ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "बघ, याच्यावर कसे छान दिसतात." बरोबरच होतं. नंतर मोठा दुरुस्त झाला, तरी छोटा माळ्यावर परत गेला नाही. त्यांचं एक कीर्तनाचं चॅनेल आमच्या डीटीएचवर एचडीत मिळत नाही. ते सकाळी सात वाजता त्यांच्या खोलीत, ३२ इंचांवर.