बाहेरची टोळी की गावातलेच हात? दुर्गम भागात बांधकाम काढण्याआधी

दुर्गम वस्तीत शाळा, दवाखाना किंवा पाण्याची टाकी बांधायची ठरली की पहिला वाद यावरच होतो: बाहेरून कारागिरांची तयार टोळी आणायची, की तिथल्याच लोकांना शिकवत काम उभं करायचं? मी दोन्ही पद्धतींनी कामं करून घेतली आहेत. खर्चाचे तक्ते तुम्ही मांडलेच असतील, म्हणून साइटवर जे दिसलं तेवढंच सांगतो.

वेग टोळीचाच. मुकादम आला, दोरी लागली की जोतं भराभर वर येतं. स्लॅबच्या दिवशी तर मुरलेलीच माणसं हवीत, कारण काँक्रीट ओतायला घेतलं की मध्येच थांबून चालत नाही. पावसाच्या आत छप्पर चढवायचं असेल किंवा निधीची मुदत संपत आली असेल, तर टोळी बोलावण्यात काही गैर नाही.

गावातल्या माणसांबरोबर सुरुवात संथ होते. आम्ही आधी सरावाची भिंत बांधून घेतो, तीही मातीच्या गाऱ्यात, म्हणजे पाडून त्याच विटा पुन्हा वापरता येतात. ओळंबा लावायचा, भिंत कुठे कलली ते शिकणाऱ्यालाच शोधायला लावायचं, मग पाडायची आणि पुन्हा बांधायची. हे चालू असताना अंगावर काम देऊ नये, म्हणजे झालेल्या कामाच्या मापावर पैसे ठरवू नयेत, रोजानेच द्यावेत. नाहीतर शिकणं बाजूला राहतं आणि नुसती घाई होते. पेरणी-कापणीला माणसं शेतावर जाणार, हेही वेळापत्रकात आधीच धरलेलं बरं.

दर्जाबद्दल लोक साशंक असतात, पण माझा अनुभव जरा वेगळा आहे. सिमेंटचं काम किमान 7 दिवस ओलं राहायला हवं, हे टोळीलाही माहीत असतं. तरी ती पुढच्या भिंतीकडे सरकते आणि पाणी मारायचं राहून जातं. गावातलं कुणी कामावर असलं की संध्याकाळी घरातलं माणूस बादली घेऊन येतं, कारण त्या खोलीत त्यांचंच पोर बसणार असतं. भूकंपाच्या पट्ट्यात कॉलमच्या रिंगांची, म्हणजे उभ्या गजांना वेढणाऱ्या सळयांची, टोकं 135 अंशांत आत वळवावी लागतात. काटकोनात सोडलेली रिंग हादऱ्यात उघडते, हे एकदा गज हातात देऊन दाखवलं की नवी मुलं ते कधी चुकवत नाहीत. जुन्या हातांची काटकोनाची सवय मोडणं जास्त अवघड जातं.

पण माझा कल ठरला तो काम संपल्यानंतरच्या एका कटकटीमुळे. टोळीने बांधलेल्या एका टाकीचा फ्लोट व्हॉल्व्ह, म्हणजे टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा तरंगता कॉक, अडकला आणि पाणी रात्रभर वाहू लागलं. पाइप कुठून नेलाय, बंद करायचा कॉक कुठे आहे, गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. कंत्राटदाराला फोनवर फोन झाले. एवढ्याशा कामासाठी इतक्या लांब माणूस पाठवणं त्याला परवडेना. पुढे छपराच्या पत्र्याच्या स्क्रूखालचे वॉशर गेले, दाराची बिजागरी सुटली, आणि दर वेळी तीच वाट पाहणं. इमारत मजबूत होती, पण ती राखणारं कुणी तिथे नव्हतं. जिथे गावातली पोरं कामावर होती, तिथे असल्या गोष्टी माझ्या कानावर येतात त्या दुरुस्ती होऊन गेल्यावरच.

बुर्किना फासोमधल्या गांदो गावची प्राथमिक शाळा याच वाटेने 2001 मध्ये उभी राहिली. वास्तुरचनाकार फ्रान्सिस केरे त्याच गावचे. पुढे 2022 मध्ये त्यांना वास्तुकलेतला मानाचा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. क्रेन किंवा मोठे तयार भाग तिथवर नेणं शक्य नव्हतं, म्हणून त्यांनी छपराची कैची, म्हणजे छप्पर पेलणारा सांगाडा, साध्या सळयांची केली आणि गावकऱ्यांना हातकरवत व छोटं वेल्डिंग मशीन चालवायला शिकवलं. मला हीच बाजू महत्त्वाची वाटते: शिकवायचं ठरलं की नकाशाही तसाच काढावा लागतो. गावात परत कधीच जमणार नाही असा तपशील त्यात ठेवू नये.

प्रत्येक ठिकाणी हे साधेलच असं मी म्हणत नाही. खांबांमधलं मोठं अंतर, वीजजोडणी, स्लॅब यांना बाहेरचा जाणकार लागतोच. तो आणा, पण प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखाली गावातले दोघे द्या आणि ते करारात लिहून घ्या. तोंडी ठरलेलं पहिल्याच आठवड्यात विसरलं जातं. बायकांना नुसती पाटी उचलायला न लावता त्यांच्या हातात थापी द्या. कामासाठी गाव सोडून जाणारे बहुधा पुरुष असतात, इमारतीपाशी त्याच राहतात. शिकवण्याचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवा, नाहीतर पैसे कमी पडले की पहिली कात्री तिथेच लागते. आणि ताबा घेताना व्हॉल्व्ह उघडून-जोडून दाखवायला मिस्त्रीला नको, गावातल्या माणसाला सांगा. त्याला ते जमलं की मगच शेवटचं बिल द्या.