आधी मांजर, मग सोफा, शेवटी फरशी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

ओल्या फडक्याने पुसायला घेतलं की मांजराचे केस गायब झाल्यासारखे वाटतात. ते गायब होत नाहीत, भिजून त्यांच्या दोऱ्या होतात आणि त्या सोफ्याच्या शिवणीत नाहीतर फरशीच्या कडेला जाऊन वाळतात. केसांचं सगळं काम कोरडं असताना करायचं आणि पाणी शेवटी, हे समजेपर्यंत बरीच साधनं उगाच बदनाम होतात.

घरात मांजरं दोन. एक आखूड केसांचं, दुसरं लांब केसांचं आणि आत दाट लव असलेलं. आठ महिन्यांत वापरात आलेल्या वस्तू अशा: स्टीलची फणी, बारीक पात्याचं डीशेडिंग टूल (आतली सुटी लव ओढून काढायचं साधन), रबरी हातमोजा, काच पुसायचा रबरी वायपर, चिकट रोलर, साधा आणि रोबो व्हॅक्यूम, शिवाय एअर प्युरिफायर. यातल्या सगळ्यात साध्या दोन वस्तू, म्हणजे फणी आणि वायपर, बाकी सगळ्यांना पुरून उरल्या.

फणी घ्यायची ती अर्धे दात विरळ आणि अर्धे दाट असलेली. आधी विरळ दातांनी अंगभर चाचपणी करायची. दात अडला की तिथे गुंता आहे असं समजायचं. गुंते ठरलेल्या जागी होतात: काखेत, कानामागे, मांड्यांच्या मागच्या बाजूला आणि शेपटीच्या बुडाशी. गुंता मुळाशी दोन बोटांत घट्ट धरायचा, म्हणजे कातडीला ओढ बसत नाही, आणि टोकाकडून थोडाथोडा मोकळा करत आत यायचं. कात्री मुळीच लावू नका. मांजराची कातडी पातळ आणि सैल असते, गुंत्याबरोबर ती वर उचलली जाते आणि केसांऐवजी तीच कापली जाते. गुंता असताना अंघोळ घालणं ही दुसरी चूक, कारण पाणी लागून वाळला की तो आणखी आवळतो. कातडीला चिकटलेली जट डॉक्टरांकडे मशीनने काढून घेणंच बरं.

नंतर दाट दात, केसांच्या दिशेनेच. आखूड केसांना आठवड्यातून दोनदा पाच मिनिटं पुरतात. लांब केसांना दिवसाआड, आणि केस जास्त झडतात त्या दिवसांत रोज. मांजर शेपूट आपटायला लागलं की तिथेच थांबायचं. जबरदस्तीची पंधरा मिनिटं पुढचे दोन आठवडे महागात पडतात, फणी दिसली की मांजर पलंगाखाली!

डीशेडिंग टूलबद्दल जरा सविस्तर, कारण सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. पहिल्याच दिवशी एवढा ढीग निघतो की माणूस हरखून जातो. पण त्या ढिगातली चिमूटभर लव काळ्या कागदावर पसरून बघा. नुसती मऊ, कुरळी, राखाडी लव असेल तर ठीक. त्यात सरळ, जाड आणि टोकाला तुटके केस बरेच दिसले, तर पातं वरचे राखणीचे, म्हणजे आतली लव झाकणारे, केस कापतंय. हात दाबून फिरवल्याने किंवा तीच जागा पुन्हा पुन्हा ओढल्याने असं होतं. मग पाठ खरखरीत लागते, कणा आणि कुल्ह्यांवर लालसर ओरखडे येतात. टूलच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त जोर द्यायचा नाही, एका बाजूला दहा-पंधरा छोटे फटकारे मारायचे, आणि तेही केस जास्त झडत असताना आठवड्यातून एकदाच. पोटावर, काखेत किंवा गुंत्यावर हे टूल अजिबात नको. एकच थर असलेल्या, आत लव नसलेल्या मांजराला त्याची गरजच नाही.

रबरी मोजा म्हणजे मांजराचा खरारा. वरचे सुटे केस निघतात, आतल्या लवेपर्यंत तो पोचत नाही. फणीला घाबरणाऱ्या मांजराची सवय लावायला उत्तम, पण त्यावर भिस्त ठेवू नये. हात किंचित दमट असेल तर केस हवेत उडत नाहीत.

मांजर घरातच राहत असेल तर केस गळण्याला ठरावीक मोसम उरत नाही. झड दिवसाच्या उजेडाच्या लांबीवर चालते, आणि दिव्यांचा उजेड व सारखं तापमान यामुळे ती वर्षभर थोडीथोडी चालू राहते. म्हणून ‘गळणं बंद’ करणारा स्प्रे किंवा पावडर यांच्या नादी लागू नये. गळायचे ते गळणारच, फक्त ते फणीत गळावेत. फणीत आले नाहीत तर उरलेले मांजर चाटून गिळतं आणि ओकारीतून गोळे बाहेर येतात.

आता सोफा. वायपर एकाच दिशेने, दर वेळी हातभर अंतर ओढत फिरवायचा. रबराच्या घर्षणाने केस गुंडाळले जाऊन त्यांची वळकटी होते आणि ती हाताने उचलता येते. चटईवर, गालिच्यावरही हेच. व्हॅक्यूमने गेल्यावर स्वच्छ दिसणाऱ्या गालिच्यावर वायपर मारून बघा, अजून मूठभर निघतात. चिकट रोलर फक्त बाहेर पडताना कपड्यांसाठी. अख्ख्या सोफ्यावर वापरला तर कागद फाडता फाडताच जीव मेटाकुटीला येतो.

चादरी धुण्याआधी ड्रायरमध्ये उष्णता न लावता दहा मिनिटं फिरवायच्या आणि जाळी लगेच साफ करायची. ड्रायर नसेल तर कोरड्या झटकून वायपर मारायचा. थेट मशीनमध्ये टाकल्या की केस ड्रमला चिकटतात आणि पुढच्या धुण्यातल्या काळ्या कपड्यांवर येतात.

रोबो व्हॅक्यूम रोजचा वरवरचा केर छान उचलतो, पण देखभाल मागतो. केस रोलरच्या मधोमध दिसतात, खरे अडकतात ते दोन्ही टोकांच्या टोप्यांखाली, दांड्याभोवती. तिथे घट्ट गुंडाळले गेले की आवाज बदलतो, रोलर गरम होतो. आठवड्यातून एकदा टोप्या काढून टाके उसवायच्या छोट्या पात्याने ते कापायचे. पुढचं छोटं चाकही उपटून बघायचं. धुतलेला फिल्टर पूर्ण चोवीस तास वाळवायचा, दमट बसवला तर घरभर कुबट वास. आणि रात्री रोबो चालू ठेवू नका. मांजर ओकलेलं असेल तर तो ते इमानेइतबारे सगळ्या खोल्यांत वाटतो.

प्युरिफायर जमिनीवर बसलेले केस उचलत नाही. हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे कण ९९.९७ टक्के अडवतो, त्याचा उपयोग कातडीच्या कोंड्यासाठी. मांजराच्या ॲलर्जीचं मुख्य कारण असलेलं प्रथिन लाळेत आणि कातडीच्या तेलग्रंथींत तयार होतं, केस त्याचं वाहन. त्यामुळे केस शून्यावर आले तरी शिंका पूर्ण थांबतीलच असं नाही. बाहेरची जाळी दर दोन आठवड्यांनी साफ केली नाही तर हवा ओढली जात नाही, पंखा नुसता घोंगावतो.

फणी करताना कातडी बघायची सवय ठेवा. गोल, खपल्या धरलेले चट्टे म्हणजे गजकर्णाची शंका, आणि ते माणसांनाही होतं. पोट किंवा मांड्या चाटून तुळतुळीत झाल्या असतील, किंवा म्हातारं मांजर भरपूर खाऊनही वाळत असेल, तर फणी बाजूला ठेवून डॉक्टर गाठा. फणीत काळे कण आले तर ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवायचे: भोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, नाही पसरला तर बहुधा साधी धूळ. पिसवांचं कुत्र्यासाठीचं औषध मांजराला लावू नका, त्यातल्या बऱ्याच औषधांत असलेलं परमेथ्रिन हे कीटकनाशक मांजराचा जीव घेऊ शकतं.