मार्कर तपासणीची सेवा : खाजणातील भाताच्या निमित्ताने

उधाणाच्या भरतीला बांध फुटून खाजणात खारे पाणी शिरले की त्या वर्षीचे भात हातचे जाते. म्हणून आमच्या छोट्या गटाने गावातील आवडत्या निमगरव्या वाणात पोक्कली या केरळच्या भाताचा खारसहनशील गुण उतरवण्याचे काम हाती घेतले आहे. संकरातील कोणत्या रोपात तो गुण आला हे रोपावस्थेतच कळावे, यासाठी पानांचे नमुने एका खासगी प्रयोगशाळेकडे पाठवले. तिचे मुख्य काम गव्हाच्या पैदासकारांसाठी स्वस्त मार्कर, म्हणजे एखादा गुण रोपात आला की नाही हे दाखवणाऱ्या डीएनएतील खुणा, विकसित करण्याचे आहे.

मार्कर तपासण्याची तिची कास्प नावाची पद्धत स्वस्त का पडते, हे समजून घेण्यासारखे आहे. प्रत्येक मार्करसाठी तीन साधे प्रायमर (नेमक्या जागी चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) पुरतात आणि चमकणारी रंगद्रव्ये सर्व मार्करना सामाईक अशा तयार मिश्रणातच असतात, त्यामुळे नवा मार्कर घडवताना रंगद्रव्य जोडलेल्या महागड्या प्रायमरचा खर्च येत नाही आणि डीएनएचे तुकडे वेगळे करणारी जेलही चालवावी लागत नाही. गव्हात मात्र हे काम कठीण आहे. रोटीच्या गव्हात 42 गुणसूत्रे ए, बी आणि डी अशा तीन उपजीनोमांत (गुणसूत्रांच्या संचांत) विभागलेली असून बहुतेक जनुकांच्या तीन जवळपास सारख्या प्रती असतात. प्रायमर नेमक्या एकाच प्रतीवर बसला नाही, तर निकालाच्या आलेखावरील ठिपक्यांचे (एक ठिपका म्हणजे एक नमुना) गट एकमेकांत मिसळतात. गव्हावर तयार झालेला हा काटेकोरपणा 24 गुणसूत्रांच्या भाताच्या निकालांतही दिसला : दोन टोकांना दोन शुद्ध गट आणि मध्ये संकरित रोपे, अगदी सुटसुटीत. गुणही दोन्ही पिकांना जोडणारा आहे. पोक्कलीच्या पहिल्या गुणसूत्रावरील साल्टॉल या खारसहनशीलतेशी जोडलेल्या भागात सोडियम पानांपर्यंत पोहोचू न देणारे एचकेटी1;5 हे जनुक आहे; त्याच कुळातील जनुक रानटी नातलगाकडून ड्युरम (पास्त्याच्या) गव्हात आणल्यावर खारवट शेतात उत्पादन 25 टक्क्यांपर्यंत वाढल्याचे 2012 मध्ये प्रसिद्ध झाले.

तक्रार एकच, पण गंभीर आहे. तपासलेल्या मार्करांपैकी एकात आमचे दोन्ही पालकवाण एकाच गटात पडले, म्हणजे त्या मार्करचा आम्हाला काहीच उपयोग नव्हता, तरीही पूर्ण प्लेटचे (एकत्र तपासल्या जाणाऱ्या नमुन्यांच्या तबकाचे) पैसे आकारले गेले. पालकवाणांचे चार-दोन नमुने आधी तपासले असते तर हा खर्च टळला असता. नमुन्यामागचा दर कितीही कमी असला, तरी पालकांत फरक न दाखवणारा मार्कर लहान पैदासकाराला महागच पडतो.

नमुने पाठवण्याच्या सूचनाही कोरड्या प्रदेशासाठी लिहिलेल्या वाटतात. जुलैच्या दमट हवेत पाकिटातील ओलावा शोषणारे सिलिकाचे निळे दाणे रात्रीतून गुलाबी झाले आणि पाने वाळण्याऐवजी काळवंडू लागली. दाणे दोनदा बदलल्यावरच नमुने टिकले. कोकणातील ग्राहकांना सिलिका दुप्पट द्यावी.

पुढील हंगामातही याच प्रयोगशाळेकडे नमुने पाठवणार आहोत, मात्र पालकवाणांच्या चाचणीची अट आधी लेखी मान्य करून घेऊ.