शटडाउनमधलं बिनव्याजी कर्ज: आमच्या क्रेडिट युनियनला पाचपैकी चार

आईला फोनवर सांगितलं की 1 ऑक्टोबरपासून घरी बसवलंय, पगार बंद. तिचा पहिला प्रश्न, "संप आहे का गं?" म्हटलं, नाही, अमेरिकेत संसदेने खर्चाला वेळेत मंजुरी दिली नाही म्हणून सरकारच बंद आहे, त्यालाच इथे शटडाउन म्हणतात. सांगलीत बसून तिला ते पटेना. जिल्हा परिषदेच्या शिक्षकाची बायको ती. सरकारी पगार उशिरा होतो हे तिला चांगलं ठाऊक, पण सरकारच कुलूप लावून बसतं हे तिच्या हिशेबात बसत नव्हतं.

मी मेरीलँडमध्ये राहते, फेडरल कार्यालयात नोकरी करते. 2018-19 चा 35 दिवसांचा शटडाउन मी याच नोकरीत काढला. तेव्हा एका कार्डाचा हप्ता चुकला आणि तो डाग 2025 मध्येही क्रेडिट रिपोर्टवर होता. असा डाग सात वर्षं राहतो. 2025 चा शटडाउन 43 दिवस चालला, 12 नोव्हेंबरला संपला. या वेळी डाग पडला नाही. त्याचं बरंचसं श्रेय आमच्या छोट्या क्रेडिट युनियनला. नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारही करणार आहे.

क्रेडिट युनियन म्हणजे काय, तर आपली सेवकांची पतसंस्था. बाबांच्या शिक्षक पतसंस्थेत कर्जाला दोन जामीनदार लागायचे आणि सचिवांच्या घरी चहा. इथे जामीनदार म्हणजे तुमचा पगार: तो त्यांच्याकडे थेट जमा होत असला पाहिजे, आणि तोही शटडाउनच्या आधीपासून. ही अट नीट वाचा. माझ्या एका सहकारणीने 3 ऑक्टोबरला खातं उघडलं. तिला कर्ज मिळालं नाही.

नेव्ही फेडरल, यूएसएए यांच्यासारख्या मोठ्या संस्थाही शटडाउनमध्ये बिनव्याजी कर्ज देतात. आमच्या युनियनची योजना तशीच: पगार बुडेल तेव्हा एका निव्वळ पगाराएवढी रक्कम, व्याज शून्य, फी शून्य. ऑक्टोबरमध्ये आधी अर्धामुर्धा पगार आला. 24 तारखेच्या पे-स्लिपवर मात्र निव्वळ रकमेच्या रकान्यात नुसतं 0.00. त्याच्या आदल्या संध्याकाळीच युनियनचे 2,400 डॉलर खात्यात येऊन पडले होते. घराचा हप्ता त्यातूनच गेला. त्याआधी, लक्ष्मीपूजनाला पूजेत नाणी ठेवताना नवरा म्हणाला होता, "कर्जाच्या अर्जाची पावतीपण ठेव." तो सरकारी कामावरचा काँट्रॅक्टर. 2019 च्या कायद्याने आम्हा कर्मचाऱ्यांना थकलेला पगार नंतर मिळतो, काँट्रॅक्टरला एक सेंटही नाही. त्यामुळे विनोद त्यालाच शोभत होता.

फॉर्म भरताना एक गंमत झाली. त्यांना 'फर्लो लेटर', म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेचं पत्र, हवं होतं. माझ्याकडे होतं. पण जे बिनपगारी कामावर जात होते त्यांना ते पत्र मिळतच नाही, वेगळं मिळतं. त्यांचे अर्ज दोन दिवस अडकून पडले. काउंटरवरच्या बाईंनी शेवटी वरिष्ठांना फोन लावून तो घोळ सोडवला. पाचातले तीन तारे एकट्या त्यांचे.

आता तक्रार. अर्ज करताना विचारलं होतं, याने क्रेडिट स्कोअरला धक्का लागेल का? उत्तर मिळालं, "सॉफ्ट चेक आहे, काही होत नाही." चौकशी खरंच सॉफ्ट होती. पण कर्ज मात्र नवीन खातं म्हणून रिपोर्टवर चढलं आणि स्कोअर नऊ अंकांनी उतरला. नऊ अंक म्हणजे काही आभाळ कोसळत नाही, पण विचारल्यावर तरी सांगायचं. शिवाय नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात थकीत पगार आला त्याच सकाळी त्यांनी पूर्ण कर्ज एका फटक्यात कापून घेतलं. करारात तसं लिहिलेलं होतं, मान्य. तरी आदल्या दिवशी एक मेसेज टाकला असता तर विजेचं बिल बाउन्स झालं नसतं. एक तारा त्याचा गेला.

खरा ताप दिला तो एका कार्ड कंपनीने. फोनवरची मुलगी फार गोड बोलली: दोन महिने हप्ता पुढे ढकलला, लेट फी नाही. लेखी मागितलं तर म्हणाली, अकाउंटवर नोंद केलीय. माझी देय तारीख 8 ऑक्टोबर. 3 नोव्हेंबरला ॲप उघडलं तर लाल अक्षरात 'पास्ट ड्यू'! म्हणजे 26 वा दिवस. तीस दिवस उलटले की ते एक्स्पेरियन, इक्विफॅक्स, ट्रान्सयुनियन या क्रेडिट रिपोर्ट ठेवणाऱ्या कंपन्यांकडे जाऊ शकतं. तिथल्या तिथे किमान रक्कम, 35 डॉलर, भरली. कोविडमध्ये कायदाच होता की सवलत दिलेलं चालू खातं थकीत म्हणून कळवायचं नाही. शटडाउनसाठी तसा कायदा नाही, बँकेच्या मर्जीवर सगळं. आणि आमच्यात अनेकांना सुरक्षा परवाना, म्हणजे गोपनीय माहिती हाताळायची मंजुरी, लागतो. तिथे थकबाकीबद्दल प्रश्न विचारतात. म्हणजे पत गेली तर नोकरीलाही घोर.

2018 च्या शेवटी ओपीएमने, म्हणजे फेडरल नोकरवर्गाचं काम बघणाऱ्या सरकारी कार्यालयाने, कर्मचाऱ्यांना धनकोंना पाठवायची नमुना पत्रं दिली होती. त्यातल्या घरमालकाच्या पत्रात भाड्याऐवजी रंगकाम, सुतारकाम करून देण्याची सूचना होती! नंतर म्हणाले, चुकून जुनं पत्र चढलं. धनकोंचं पत्र मात्र कामाचं. मी कार्ड कंपनीला या वेळी तसंच पाठवायला हवं होतं, फोनवर विसंबले तिथे चुकले.

रिपोर्ट अ‍ॅन्युअलक्रेडिटरिपोर्ट डॉट कॉमवर दर आठवड्याला फुकट बघता येतो. मी डिसेंबरभर दर शनिवारी बघितला, चहा घेत. कर्जाचं खातं 'पेड' दाखवायला युनियनला तीन शनिवार लागले.

12 नोव्हेंबरच्या कायद्याने बऱ्याच सरकारी खात्यांना 30 जानेवारी 2026 पर्यंतचाच पैसा दिला. पगार मी अजून त्याच युनियनमध्ये जमा करते. फर्लो लेटर फ्रिजवर, चुंबकाखाली आहे.